चांद्याचा बर्फ

गेले तीन शनिवार इकडे काही लिहिलं नाही. आधी रिलीज होतं, मग रिलीजमधले बग होते, मग बगांच्या फिक्समधले बग होते. असो. आज लिहितोय ते मात्र चिडून लिहितोय, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे नंतर "तू फार तावातावाने लिहितोस" अशी तक्रार नको.

झालं असं की परवा दुपारी कॅन्टीनमध्ये जेवताना विषय निघाला मॅमथचा. आमच्या टीममध्ये एक उत्साही प्राणी आहे. त्याच्याकडे जगातल्या सगळ्या अचाट बातम्या सगळ्यात आधी येतात. २०२५ साली एका अमेरिकन कंपनीने डायर वुल्फ म्हणून जी पांढरीशुभ्र पिल्लं जगाला दाखवली, त्यांचे फोटो त्याने तेव्हा दिवसभर सगळ्यांना फिरवले होते. (ती मुळात करड्या लांडग्याचीच पिल्लं, जीन्समध्ये थोडे फेरफार केलेली. पण हे सांगितलं की लोकांचा विरस होतो.) तर परवा तो सायबेरियाबद्दल सांगत होता. २००७ साली यामालच्या बर्फात सापडलेलं ल्युबा नावाचं मॅमथचं पिल्लू, कातडीसकट, सोंडेसकट. २०१२ साली रशियन शास्त्रज्ञांनी बर्फात तीसेक हजार वर्षं पडून राहिलेल्या फळाच्या पेशींपासून उगवलेलं रोप, त्याला चक्क पांढरी फुलं आली. सगळं खरं आहे, आणि मीही तोंडात घास तसाच ठेवून ऐकत होतो.

आणि मग समोरची मुलगी म्हणाली, "आपल्याकडे असलं काही नसतंच ना. बर्फच नाही, तर राहणार काय आणि सापडणार काय?"

मी म्हणलं, "चंद्रपूरला आहे."

टेबलावर जो हशा उठला तो तुम्ही ऐकायला हवा होता. "चंद्रपूरला बर्फ? अरे तिथे लोक फुटपाथवर ऑम्लेट करतात ना?" वगैरे. विदर्भातल्या माणसाला पुण्यात उन्हावरचे विनोद ऐकायची सवय होते, त्यामुळे मी ताट उचललं आणि निघालो. पण डोक्यातून गेलं नाही. म्हणून ही पोस्ट.

तर ऐका.

चंद्रपूर, आमच्या आजीच्या भाषेत चांदा, जिथे मे महिन्यात पारा ४७-४८ अंशांपर्यंत जातो, तो भाग साधारण ३० कोटी वर्षांपूर्वी बर्फाखाली होता. ही कुणाची कविकल्पना नाही. इंग्रजांच्या काळात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात फेडन नावाचा एक अधिकारी होता. चांद्याजवळच्या इरई गावाशी नदीपात्रात त्याला चुनखडीचा एक खडक दिसला. गुळगुळीत घासलेला, आणि त्यावर लांबच लांब समांतर ओरखडे. त्यावर गोटे, माती, दगड यांचा सगळा एकत्र कालवलेला थर. हिमनदी सरकते तेव्हा तळाशी अडकलेले दगड खालच्या खडकाला असेच ओरबाडतात. आल्प्समध्ये हे लोकांनी पाहिलेलं होतं. उष्णकटिबंधात, चांद्यात, हे बघून त्या माणसाला काय वाटलं असेल! १८७५ साली त्याने त्यावर लेख छापला. तेव्हा खंड सरकतात हे कुणाला ठाऊक नव्हतं, त्यामुळे हिंदुस्थानात बर्फ आला कुठून हे कोडंच होतं.

आता उत्तर माहीत आहे. बर्फ इथे आला नव्हता, आपण तिथे होतो. भारत, अंटार्क्टिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका असा एकच भलाथोरला भूखंड होता आणि आपली जागा त्यात दक्षिण ध्रुवाच्या बाजूला, अंटार्क्टिकाच्या शेजारी. पुढे बर्फ वितळला, दलदली झाल्या आणि त्यात एक झाड माजलं. ग्लॉसोप्टेरिस. ग्रीकमध्ये अर्थ जिभेसारखं नेचं. पान खरंच जिभेसारखं, मधोमध ठसठशीत शीर आणि बाजूंना जाळी. (नेचं मात्र नाही, बी धरणारं झाड आहे. नाव ठेवणाऱ्याची चूक दोनशे वर्षं चालू आहे, आपल्या कोडबेसमधल्या व्हेरिएबलसारखी.) ती जंगलं दलदलीत गाडली गेली, त्यांचा कोळसा झाला. वर्धा खोऱ्यातला सगळा कोळसा तोच. घुग्गुस, माजरी, बल्लारपूर, दुर्गापूर, वणी. चंद्रपूरचं २९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र हाच कोळसा जाळतं आणि ती वीज राज्याच्या ग्रिडमधून इकडेही येते. म्हणजे कॅन्टीनमध्ये बसून आपण ज्या एसीच्या गार हवेत मॅमथवर गप्पा मारत होतो, त्या हवेत थोडंसं ध्रुवीय जंगल जळत होतं.

ल्युबाचं वय साधारण ४२ हजार वर्षं. आमचं पान तिच्यापेक्षा सहा हजार पटींहून जुनं. तिला कातडी आहे, आमच्याकडे दगडावरचा ठसा, हे मान्य. पण "आपल्याकडे काही नसतंच" हे मान्य नाही.

आता या पानाची एक गोष्ट, जी शाळेत सांगायला हवी होती आणि कुणी सांगितली नाही.

रॉबर्ट स्कॉट १७ जानेवारी १९१२ ला दक्षिण ध्रुवावर पोचला. अमुंडसेन त्याच्या महिनाभर आधीच येऊन गेला होता. हरलेले, उपाशी, बोटं गारठलेली अशी पाच माणसं परत फिरली. वाटेत ८ फेब्रुवारीला बिअर्डमोर हिमनदीच्या काठी माउंट बकलीपाशी ते थांबले आणि डॉ. विल्सन दगड गोळा करत बसला. कोळशाच्या थरांमधले, पानांचे ठसे असलेले दगड. पुढे दोघे वाटेत मेले, उरलेले तिघे तंबूत मेले. नोव्हेंबरात शोधपथकाला तंबू सापडला तेव्हा त्यांच्या सामानात ३५ पौंड, म्हणजे सोळाएक किलो दगड होते. एकेक औंस वजन कमी करायला धडपडणाऱ्या माणसांनी ते शेवटपर्यंत ओढत आणले होते. १९१४ साली केंब्रिजच्या स्यूअर्डने ते तपासले आणि पानांची ओळख पटवली. नाव काय होतं माहितीय? ग्लॉसोप्टेरिस इंडिका. इंडिका! हिंदुस्थानच्या कोळशात मिळालेल्या पानांवरून आधीच पडलेलं नाव. स्कॉटच्या तंबूत, आपल्या नावाचं पान.

योगायोग बघा, त्याच १९१२ च्या जानेवारीत, ६ तारखेला, वेगेनरने फ्रांकफुर्टमध्ये खंड सरकतात हा आपला विचार पहिल्यांदा मांडला. लोकांनी त्याला पुढे कित्येक वर्षं हसण्यावारी नेलं. त्याच्या बाजूचा एक पुरावा त्यानंतर महिन्याभराने तंबूच्या दिशेने निघणार होता.

आणि त्या भूखंडाचं नाव काय? गोंडवाना. गोंडांचा मुलुख. मेडलिकॉटने १८७२ च्या सुमारास मध्य भारतातल्या या खडकांना ते नाव दिलं आणि १८८५ साली ऑस्ट्रियाच्या एडुआर्ड झ्यूसने ते उचलून सबंध दक्षिणेच्या भूखंडाला लावलं. चांदा ही गोंड राजांची राजधानी होती, कोट अजून उभा आहे, त्याच्या वेशीतून रिक्षा जातात. ब्राझीलपासून ऑस्ट्रेलियापर्यंत भूशास्त्र शिकणारं प्रत्येक पोर हे नाव घेतं. आणि हिंजवडीत गोंडवाना म्हणलं की फार तर एखाद्याला गडचिरोलीचं विद्यापीठ आठवतं.

प्राण्यांचंही सांगतो, म्हणजे "फक्त पानंच ना" असं कुणी म्हणायला नको. नागपुरात स्टीफन हिस्लॉप नावाचा स्कॉटिश मिशनरी १८४५ साली आला. (हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. माझे दोन मित्र तिथे शिकले, दोघांनाही हिस्लॉप कोण ते माहीत नव्हतं.) धर्मप्रसार किती झाला देव जाणे, पण या माणसाने कामठी, सिलेवाडा, टाकळी अशा गावांतून जीवाश्मांच्या राशी जमवल्या. नागपूरच्या दक्षिणेला साठेक मैलांवर मांगली गाव आहे, तिथल्या खडकातली एक कवटी त्याच्यामुळे लंडनला पोचली. मगरीसारख्या चपट्या डोक्याचा उभयचर प्राणी. रिचर्ड ओवेनने, म्हणजे ज्याने डायनोसॉर हा शब्द तयार केला त्यानेच, १८५५ साली त्याचं नाव ठेवलं ब्रॅकिऑप्स. पुढे शंभरेक वर्षांनी अंटार्क्टिकाच्या डोंगरात तसल्याच प्राण्याच्या हाडाचे तुकडे मिळाले. १९७४ साली कोल्बर्ट आणि कॉसग्रिफ यांनी त्याला नाव दिलं ऑस्ट्रोब्रॅकिऑप्स. दक्षिणेकडचा ब्रॅकिऑप्स. म्हणजे अंटार्क्टिकातला प्राणी ओळखायचा तर मांगलीच्या प्राण्यावरून. हिस्लॉप १८६३ साली टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परतताना पुरात बुडून मेला. मांगलीची कवटी आजही लंडनच्या म्युझियममध्ये आहे. मांगलीत काय आहे, ते विचारू नका.

आता माझा स्वतःचा संबंध.

बाबा खाणीच्या ऑफिसात होते. कोणत्या, ते सोडा. मी सातवीत असताना त्यांनी एक करडा, चपटा दगड घरी आणला. कोळशाच्या थराच्या वरचा शेल. त्यावर तीन पानं, एकावर एक पडलेली, मधली शीर नखाला लागेल इतकी स्पष्ट. मजुराने फोडताना दिसलं म्हणून बाजूला ठेवलं होतं. आईने वर्षभर तो लोणच्याच्या बरणीच्या फडक्यावर दाबण म्हणून वापरला. मग मी विज्ञान प्रदर्शनात नेला. परीक्षक म्हणून आलेल्या गुरुजींनी उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाले, "छान कोरलंय. खिळ्याने का?" मी नाही म्हणलं तर म्हणाले खोटं बोलू नये. पहिला नंबर अर्थातच ज्वालामुखीला, बेकिंग सोड्याच्या.

मी घरी येऊन रडलो. बाबा म्हणाले, "कायले रडून राहिला बे? असे गोटे तं रोज ट्रकनं जातेत."

ते सांत्वन होतं. पण माझा आजचा सगळा राग त्याच वाक्यावर आहे. रोज ट्रकनं जातेत.

उघड्या खाणीत कोळशापर्यंत पोचायला वरचा सगळा थर काढावा लागतो. त्याला म्हणतात ओव्हरबर्डन, म्हणजे नावातच कचरा. पानं, बिया, खोडं, कीटकांचे पंख, जे काही असेल ते याच शेलमध्ये असतं, आणि ते डंपरने नेऊन ढिगावर ओततात. आपल्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर कोट्यवधी वर्षांचे सिस्टिम लॉग, एकमेव कॉपी, बॅकअप नाही, आणि आपण डिस्कमध्ये जागा हवी म्हणून रोज डिलीट मारतोय. आपल्यापैकी कुणी प्रॉडक्शनवर हे केलं तर संध्याकाळपर्यंत बॅज काढून घेतील.

आणि आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी एवढं पाल्हाळ लावलं.

त्याच पानाचे थर, तसाच कोळसा, अंटार्क्टिकातही आहे. शॅकल्टनच्या मोहिमेत १९०८ सालीच तो तिथे सापडला होता. तिथे काय नियम आहे? १९९१ चा माद्रिद करार, १९९८ पासून लागू. खाणकाम पूर्ण बंद, फक्त वैज्ञानिक संशोधनाची सूट. भारत त्यात आहे. १९८१ च्या डिसेंबरात डॉ. कासिम यांची पहिली मोहीम गोव्याहून निघाली, मग दक्षिण गंगोत्री, मैत्री, २०१२ साली भारती. गोव्यात वास्कोला ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. आणि २०२२ साली आपल्या संसदेने अंटार्क्टिकासाठी खास कायदा केला. त्याप्रमाणे भारतीय माणसाने तिथे परवान्याशिवाय खनिजाचे नमुने गोळा करणं हासुद्धा गुन्हा आहे. मला याचा अभिमान आहे, उपरोध नाही.

पण त्याच २०२२ साली, डिसेंबरात, खाण मंत्रालयाने देशातल्या भूवारशासाठी एका विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला. त्याचा कायदा झालेला नाही. (शिंक्याची राखण मांजराकडे दिल्यावर दूध उरेल का, हा प्रश्न तेव्हाही अनेकांनी विचारला होता. पण निदान शिंकं तरी टांगा!) शंभर वर्षं जुन्या वाड्यासाठी १९५८ चा कायदा आहे. अठ्ठावीस कोटी वर्षं जुन्या जंगलासाठी वेगळा कायदा नाही. म्हणजे तेच पान दहा-बारा हजार किलोमीटर दक्षिणेला, जिथे ते बघायला पेंग्विनही जात नाहीत, तिथे आपल्याच संसदेच्या कायद्याने सुरक्षित. आणि जिथल्या गोंडांच्या नावाने त्या भूखंडाला जग ओळखतं, तिथे ते ओव्हरबर्डन.

मला माहितीय पुढचा प्रश्न काय येणार. "मग काय, खाणी बंद करायच्या? लोकांनी खायचं काय?" हे मला नका शिकवू. माझं इंजिनिअरिंग त्याच कोळशावर झालंय. बाबांचं पेन्शन त्याच्यावर आहे. मी खाणी बंद करा म्हणत नाहीये. नवीन खड्डा उघडतो तेव्हा महिन्यातून दोन दिवस नागपूरच्या किंवा चंद्रपूरच्या कॉलेजातल्या भूशास्त्राच्या पोरांना हेल्मेट घालून आत सोडा, शेलच्या थराचे फोटो घेऊ द्या, चांगले तुकडे उचलू द्या, इतकंच म्हणतोय. त्याने कोळशाचा एक टनही कमी होणार नाही. आणि जे उचललं ते ठेवायला चंद्रपुरात एक बरी इमारत बांधा. सिरोंच्याला वडधम येथे वनखात्याने जीवाश्म पार्क केलंय, म्हणजे आपल्याला जमत नाही असं नाही. मनात आणलं की जमतं.

दुसरा आक्षेप जास्त हुशार आहे, आणि तो मला एका शिकलेल्या माणसानेच ऐकवला. "ग्लॉसोप्टेरिसची पानं पोत्याने मिळतात. एक गेलं काय, हजार गेली काय?" बरोबर आहे, पानं पोत्याने मिळतात. पण त्या पानांना फळ-बी कसं धरायचं हे १८२८ साली नाव पडल्यापासून सव्वाशे वर्षं कुणाला नीट कळलं नव्हतं. कारण सुट्टी पानं अमाप, पण पानाला चिकटलेलं फळ दुर्मीळ. १९५२ साली दक्षिण आफ्रिकेत एडना प्लमस्टेड बाईंनी तसे नमुने जगापुढे मांडले. ते आले होते फेरीनिखिंगच्या एका खाणीतून, एका हौशी माणसाने बाजूला काढून ठेवलेले. पोत्यातलं प्रत्येक पान कुणीतरी उलटून पाहिलं तर ते एक हाती लागतं. आपण पोतंच ओतून देतोय.

आपल्या जिल्ह्याने एकदा असा चमत्कार केलाही आहे. वरोरा तालुक्यात पिसदुरा गाव आहे. तिथे डायनोसॉरच्या शेणाचे दगड मिळतात. हो, शेणाचे. त्यात २००५ साली वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांना गवताचे सूक्ष्म अवशेष मिळाले. तोपर्यंत पुस्तकं सांगत होती की डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतंच. जगभरच्या पुस्तकात दुरुस्ती करावी लागली, चंद्रपूरच्या शेणामुळे! हे कॅन्टीनमध्ये सांगितलं असतं तर निदान हसण्याला काही अर्थ आला असता.

मागच्या मे महिन्यात मी आणि बाबा तो फेडनचा खडक शोधायला गेलो होतो. पाणी कमी असतं म्हणून मे. बाबा सत्तरीचे, डोक्याला ओला दुपट्टा, हातात काठी. दोन तास आम्ही पात्रातून फिरलो. जो गुळगुळीत दगड दिसेल त्यावर बाबा काठीने गाळ खरवडून बघायचे आणि मला हाक मारायचे, "इकडं ये, हे पाय बरं." ते ओरखडे काही आम्हाला मिळाले नाहीत. गाळाखाली असेल, आम्ही चुकीच्या वळणावर असू. एक म्हातारा बकऱ्या घेऊन आला. काय शोधता म्हणून विचारलं. बाबांनी सांगितलं, इथं फार वर्षांपूर्वी बर्फ होता, त्याची खूण पायतो. म्हातारा आमच्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "बरफ? सावलीत बसा बापा थोडे." आणि स्वतःची पाण्याची बाटली पुढे केली.

गाडीत बसल्यावर बाबा बराच वेळ गप्प होते. बल्लारपूर रोड लागल्यावर एकदम म्हणाले, "तो गोटा अजून हाय का रे तुह्याजवळ?"

आहे. माझ्या डेस्कवर, मॉनिटरच्या शेजारी. हाऊसकीपिंगवाल्यांनी एकदा उचलून कचऱ्यात टाकला होता, तो मी बेसमेंटमधल्या पिशव्यांतून शोधून आणला. आता त्याखाली चिठ्ठी लावली आहे, "कृपया टाकू नये, वय २८ कोटी वर्षे."

या मे महिन्यात परत जाणार आहोत. शुक्रवारी रात्री निघायचं, रविवारी रात्री परत. या वेळी जुना नकाशा मिळवलाय आणि भूशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक सोबत यायला तयार झालेत. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. कॅन्टीनमधल्या त्या दोघांनाही विचारलंय, ते "बघू" म्हणालेत, म्हणजे येणार नाहीत. कुणाला यायचं असेल तर मेल टाका. पाणी आणि दुपट्टा आपापला आणावा.